दुर्बिणीतून उदरपरीक्षा

पोटात पाणी झाले आहे, अंगात बारीक ताप आहे, वजन घटत चालले आहे. अशा रोग्याच्या पोटात क्षय आहे की कर्करोग, हे केवळ हाताने चाचपून सांगता येत नाही. पूर्वी अशा वेळी निदानासाठी पोट उघडावे लागे. कित्येकदा आत शस्त्रक्रियेने बरे करण्याजोगे काहीच आढळत नसे. रोजंदारीवर जगणाऱ्या रोग्याच्या वाट्याला मोठी जखम आणि आठवडेच्या आठवडे अंथरूण तेवढे येई.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी १९७२ मध्ये या निदानासाठी दुर्बिणीचा उपयोग सुरू केला. कल्पना जुनीच होती. जर्मनीतील गेओर्ग केलिंग यांनी १९०१ मध्ये कुत्र्याच्या उदरात नळी घालून आतील इंद्रिये पाहिली होती. आपल्याकडे खेडोपाडी मात्र दुर्बीण म्हटली की कुटुंबनियोजनाचे शिबिरच आठवते!

पोटाची भिंत आतड्यांना लगटून असते. म्हणून बेंबीजवळ लहानसा छेद घेऊन प्रथम आत कार्बन डायऑक्साइड भरतात. हा वायू पेट घेत नाही व रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. मग दुर्बीण आत सरकवली की यकृत, जठर, आतडी दिसू लागतात. क्षय असल्यास पर्युदरावर राळ्याच्या दाण्यांसारखे पांढुरके ठिपके पुष्कळदा आढळतात. त्यांतील एखादा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला म्हणजे शंका फिटते.

पुढे पाहणाऱ्या हातांनी उपचारही आरंभला. जर्मनीत एरिक म्यूए यांनी १९८५ मध्ये, तर उदवाडिया यांनी १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयातच या रीतीने पित्ताशय काढले. लोक हिला ‘बिनटाक्याची शस्त्रक्रिया’ म्हणतात, ते खरे नव्हे. टाके असतात, फक्त थोडे.

आघाताच्या बाबतीत मात्र तारतम्य हवे. सुरीचे पाते पर्युदर भेदून आत गेले की नाही, मध्यपटलाला चीर पडली की काय, हे दुर्बीण चांगले दाखवते. पाते आत गेलेच नसेल, तर मोठा छेद टळतो. परंतु आतड्याच्या वेटोळ्यांत दडलेले बारीक छिद्र तिच्या नजरेतून निसटू शकते. आणि ज्याच्या पोटात रक्तस्राव होऊन रक्तदाब ढासळत आहे, त्याच्या पोटात वायू भरणे घातक होय. त्या दाबाने हृदयाकडे परतणारे रक्त आणखी कमी होते, वेळही जातो. अशा रोग्याचे पोट तत्काळ उघडून रक्तवाहिनी बांधावी लागते.