घाटातली पलटण

प्रश्न : माझे पती सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. काश्मीरमधल्या चकमकींबद्दल घरात अवाक्षर काढत नाहीत. फटाका वाजला की दचकतात, रात्र रात्र जागतात. रविवारी मात्र पलटणीतल्या जुन्या सोबत्यांबरोबर बुलेट काढून यवतेश्वर घाटात जातात आणि हसत परततात. या वयात हे बरं का? त्यांना अडवू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : अडवू नका, ताई. घाटात सगळं लक्ष वळणावर, ब्रेकवर, समोरून येणाऱ्या एसटीवर लागतं. जुन्या आठवणींना तेवढा वेळ शिरकाव मिळत नाही. पुढच्याने वाट दाखवायची, शेवटच्याने कुणी मागे पडत नाही ना ते पाहायचं, ही गस्तीचीच शिस्त. टपरीवर चहा घेताना कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धातले माजी सैनिक बेपत्ता सोबत्यांसाठी १९८८ पासून ‘रोलिंग थंडर’ या नावाने मोटारसायकलींवर वॉशिंग्टनला जमू लागले, तेही सोबत्यांच्या याच ओढीने.

पण गाडी म्हणजे उपचार नव्हे, फार तर त्याला जोड. तुम्ही लिहिलेली लक्षणं पीटीएसडीची, म्हणजे आघातानंतरच्या मानसिक ताणाची असू शकतात. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या (ईसीएचएस) पॉलिक्लिनिकमार्फत मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येतं. रात्री जागरण झालं असेल, दारू घेतली असेल किंवा गोळीने सुस्ती येत असेल, तर त्या दिवशी बुलेट घरीच राहू द्या. डॉक्टरांकडे जायला ते राजी नसतील, तर त्या सोबत्यांपैकीच एकाला गळ घाला. त्याचा शब्द ते सहसा मोडणार नाहीत.