तेल वाढत होतं आणि मी खूश होतो

माझ्या इंजिनाला वरून तेल घालावंच लागत नाही, असं मी देवबागच्या किनाऱ्यावर चारचौघांत मिरवत होतो. ६० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक, तिसरा सीझन, आणि डिपस्टिकवरचं तेल खाली उतरायचं नाव नाही. दिवाळीनंतर तर ते वरच्या खुणेच्याही पलीकडे गेलं. मी मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "तेल वाढता म्हणजे बरा मा! कमी झाला तर सांगा."

नाताळच्या आठवड्यात डॉल्फिन दाखवून परतताना, नेमका कर्ली नदीच्या मुखाशी हॉर्न वाजायला लागला आणि इंजिन आपोआप २००० आरपीएमच्या आसपास आलं. तेलाचं प्रेशर पडलं की इंजिन स्वतःचा जीव वाचवतं. होडीतल्या आठ पॅसेंजरांचं काय ते आपण बघायचं. पुढे वाळूचा पट्टा, त्यावर लाटा फुटतायत, आणि थ्रॉटल कितीही ढकलला तरी काही होत नाही. ओळखीच्या होडीने दोर टाकला म्हणून आज हे लिहितोय.

इंजिन मालवणात दुसऱ्या माणसाकडे नेलं. त्याने डिपस्टिक काढली, हुंगली आणि माझ्या नाकाशी धरली. पेट्रोल! तेल पाण्यासारखं पातळ झालेलं. मग त्याने थर्मोस्टॅटच्या झाकणाचे बोल्ट काढले आणि माझ्याकडे बघत राहिला. आत थर्मोस्टॅट नव्हता. बिघडलेला नाही, अडकलेला नाही, नव्हताच.

तेव्हा मागच्या मार्चमधला प्रसंग आठवला. इंजिन तापून हॉर्न वाजत होता. पहिल्या मेकॅनिकने अर्ध्या तासात 'काम' करून दिलं होतं. खरं दुखणं पाण्याच्या पंपातल्या इम्पेलरचं होतं. उथळ पाण्यात वाळू ओढून त्याची रबरी पाती झिजतात. पण पंप कोण उघडणार? याने थर्मोस्टॅटच काढून टाकला. जाब विचारला तर म्हणतो, "हय त्याची गरजच नाय. आणि तेल तुमीच जास्ती ओतला असतला." माझी वही आहे. कुठल्या तारखेला, किती तासांवर, किती लिटर घातलं, सगळं त्यात आहे. ती उघडून समोर ठेवली, तर त्याला अचानक दुसरं गिऱ्हाईक आठवलं.

थर्मोस्टॅट बहुतेक इंजिनांत ५०-६० अंशांच्या आसपास उघडतो. तोवर थंड पाणी अडवून इंजिनाला गरम होऊ देतो. तो नसला की इंजिन कायम गार. गार इंजिनात सगळं पेट्रोल जळत नाही, उरलेलं रिंगांवरून खाली तेलात झिरपतं. त्यात आमचा धंदा डॉल्फिनच्या मागे तासन्‌तास हळू चालवण्याचा, म्हणजे आगीत तेलच. म्हणून परतताना थोडा वेळ तरी इंजिन मोकळं पळवावं. थर्मोस्टॅट जागेवर असूनही तेल वाढत असेल, तर फ्युएल पंपाचा पडदा फाटलाय का ते बघावं.

तेल बघायचं ते सकाळी, पहिल्या फेरीआधी, इंजिन सरळ उभं करून. वर उचललेल्या इंजिनाचं माप खोटं येतं. नुसतं माप बघू नका, वास घ्या. एक थेंब कागदावर टाका. पेट्रोल मिसळलेलं तेल भराभर पसरतं. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, ते दुखणं वेगळं. नवं इंजिन असेल तर पहिलं तेल २० तासांनी बदला, पुढे दर १०० तासांनी. डब्यावर एफसी-डब्ल्यू लिहिलेलं असावं, मोटारसायकलचं उरलेलं तेल घालू नये. रोज गोड्या पाण्याने फ्लशिंग करा, हे मी काय सांगणार, सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी करत नाही. आणि मेकॅनिकने काढलेला जुना भाग हातात मागून घ्या. मी त्या मार्चमध्ये मागितला असता, तर पातळ तेलाने झिजलेल्या बेअरिंगांत अर्ध्या सीझनची कमाई गेली नसती.

परवा शेजारचा होडीवाला खुशीत सांगत होता, त्याच्या इंजिनाला तेल लागतच नाही. मी त्याला तिथल्या तिथे डिपस्टिक काढायला लावली. त्याने ती हुंगली, फडक्याने पुसली, आत घालून बाहेर काढली आणि पुन्हा हुंगली. इंजिन कोणाकडे दिलं होतं, ते मी विचारलं नाही.