वायरलेस कार्डाचा नंबर बदलत नाही, तेव्हा काय करावे?

कापडाच्या प्रत्येक थानावर गिरणीचा मार्का व नंबर असतो. तसाच नंबर प्रत्येक नेटवर्क कार्डावर असतो; त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. तो १२ अक्षरी असून ० ते ९ आकडे व ए ते एफ अक्षरे यांनी बनतो. पहिली ६ अक्षरे कार्ड बनवणाऱ्या कंपनीची ओळख असतात.

आमच्या पेढीवर राउटरमध्ये ठरावीक नंबरांनाच प्रवेश होता. एके दिवशी बिलाच्या कॉम्प्युटरचे वायरलेस कार्ड जळाले. नवे बसवले, पण राउटरने त्याला ओळखले नाही. बाहेर परराज्यात जाणाऱ्या मालाची गाडी भरून उभी होती. ५० हजारांवरील असा माल ई-वे बिलाशिवाय हलवता येत नाही. हा नियम १ एप्रिल २०१८ पासून आहे.

आम्ही जुना नंबर नव्या कार्डाला द्यायचे ठरवले. डिव्हाइस मॅनेजर, कार्डाची प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, नेटवर्क ॲड्रेस. तेथे नंबर लिहिला. नंबर जैसे थे!

कारण नंतर उमगले. विंडोज ७ पासून अनेक वायरलेस ड्रायव्हर हाताने दिलेला नंबर तेव्हाच मानतात, जेव्हा त्याचे दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असते. 'हा नंबर कंपनीचा नाही, वापरणाऱ्याने दिलेला आहे' अशी ती खूण. आमच्या जुन्या नंबरचे दुसरे अक्षर ० होते.

व्यापारी बंधूंनी या क्रमाने तपासावे :

१) नंबर सलग १२ अक्षरी लिहावा, मध्ये रेघ वा टिंब नको.

२) दुसरे अक्षर वरील चारपैकीच असावे.

३) कार्ड डिसेबल करून पुन्हा एनेबल करावे.

४) 'आयपीकॉन्फिग ऑल' हुकूम देऊन फिजिकल ॲड्रेस पाहावा.

५) विंडोज १० व ११ मध्ये 'रँडम हार्डवेअर ॲड्रेस' बंद ठेवावा, नाहीतर नंबर आपोआप बदलतो.

६) नेटवर्क ॲड्रेस हा पर्यायच दिसत नसेल, तर ड्रायव्हर ती सोय देत नाही असे समजावे.

एकाच जाळ्यात दोन यंत्रांना एक नंबर देऊ नये, दोन्ही अडखळतात. दुसऱ्याच्या यंत्राचा नंबर लावून त्याची लाइन वापरणे तर बेइमानीच.

आमचा प्रश्न शेवटी साध्या उपायाने सुटला. राउटरची यादी फक्त वायरलेससाठी होती. कॉम्प्युटर तारेने राउटरला जोडला, नव्या कार्डाचा खरा नंबर यादीत भरला आणि गाडी रवाना केली. नंबर बदलण्याआधी यादी बदलता येते का, हे पाहावे.