नेपच्यूनचे तुटके कडे

शनीचे कडे तुम्ही चित्रात पाहिले असेल. ते ग्रहाभोवती अखंड असते. पण १९८४ साली चिलीतील वेधशाळांतून एक तारा नेपच्यूनमागे जाताना पाहिला, तेव्हा ग्रहाच्या एका बाजूस त्याचा प्रकाश क्षणभर मंदावला, दुसऱ्या बाजूस मात्र नाही! मग कडे अर्धवट आहे की काय?

२५ ऑगस्ट १९८९ रोजी व्हॉयेजर-२ यान नेपच्यूनजवळून गेले आणि उलगडा झाला. ॲडम्स नावाचे हे कडे अखंडच आहे. पण ते फार विरळ असून त्याचे काही तुकडेच दाट आहेत. त्या तुकड्यांना धैर्य, स्वातंत्र्य, समता, बंधुता अशा अर्थाची फ्रेंच नावे दिली गेली.

यात नवल ते काय? केप्लरचा तिसरा नियम आठवा: आवर्तकालाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. म्हणजे आतला कण बाहेरच्याला मागे टाकणारच. तुकड्याची रुंदी सुमारे १५ किलोमीटर. गणित केल्यास आतल्या काठाचा कण दर फेरीस बाहेरच्यापेक्षा सुमारे १४० किलोमीटर पुढे सरकतो. एक फेरी साडेदहा तासांची, परीघ सुमारे ३,९५,००० किलोमीटर. तेव्हा साडेतीन वर्षांच्या आत तुकडा साऱ्या कड्यावर पसरून नाहीसा व्हायला हवा. तो तर अनेक वर्षे टिकला!

त्याला कोण सांभाळते? कड्याच्या आत गॅलेटिया हा लहान चंद्र फिरतो. कड्याच्या ४२ फेऱ्या होतात तेवढ्यात त्याच्या ४३ होतात. त्यामुळे दोघांची गाठ दर वेळी जवळजवळ त्याच जागी पडते आणि चंद्राचे हलके ओढे एकात एक मिळत जातात. भिवंडीच्या मुलांनी यंत्रमाग पाहिलाच असेल. तेथे धोट्याला फटका ठरल्या वेळीच बसावा लागतो. वेळ चुकली की कापड बिघडते. येथेही वेळेचाच महिमा आहे. याला अनुस्पंदन म्हणतात. त्यामुळे कक्षेवर जणू खळगे पडतात व कण त्यांत पुढेमागे डोलत राहतात. एकच चंद्र असे करू शकेल, हे गोल्डराइख, ट्रेमेन व बॉर्डरीज यांनी गॅलेटिया सापडण्यापूर्वीच, १९८६ साली मांडले होते.

पण गोष्ट येथे संपत नाही. पुढील वेधांत तुकड्यांची गती या हिशेबाशी तंतोतंत जुळली नाही. शिवाय पुढचे दोन तुकडे, धैर्य आणि स्वातंत्र्य, फिके होत होत दिसेनासे झाले. कड्यात दडलेले चिमुकले चंद्रही मदत करत असावेत, असे काही शास्त्रज्ञ मानतात.

आता वही घ्या. नेपच्यूनच्या केंद्रापासून गॅलेटिया ६१,९५३ किलोमीटर, कडे ६२,९३२ किलोमीटर. पहिल्या संख्येला दुसरीने भागा, उत्तराचा घन करा आणि त्याचे वर्गमूळ काढा. मग ४२ ला ४३ ने भागून ताडून पाहा. दोन्ही उत्तरे किती जवळ येतात, ते तुम्हीच पडताळा.