आठवडा पाण्याचा

डिचोली तालुक्यात पुष्कळ घरांतून मूल कोकणी ऐकत वाढते आणि मराठी प्राथमिक शाळेत आले की पुस्तकातली मराठी त्याच्यापुढे येते. घरी ‘उदक’, पुस्तकात ‘पाणी’. घरी ‘बांय’, पुस्तकात ‘विहीर’. घरी ‘न्हंय’, पुस्तकात ‘नदी’. पहिल्याच दिवसांत कोणी ‘तसे नव्हे, असे म्हण’ असे दटावले की ते मूल गप्प होते. मूल गप्प बसले म्हणजे ते गुणी आहे असे आपण समजतो. खरे तर त्याचे शिकणे तेथेच अडलेले असते. त्यातच, पट कमी झाल्याने अनेक शाळा एकशिक्षकी झाल्या आहेत. पहिलीपासून चौथीपर्यंतची मुले एकाच खोलीत बसतात.

असा वर्ग डोळ्यांपुढे ठेवून आम्ही येथे एका आठवड्याची आखणी देत आहोत. विषय एकच, पाणी. महिना जुलैचा.

सोमवार : बोलणे. आज पुस्तक उघडू नये. घरी पाणी कोठून येते, कोण भरते, कशात साठवतात, हे प्रत्येकाने आपल्या बोलीत सांगावे. फळ्यावर दोन रकाने करून घरचा शब्द व पुस्तकातला शब्द शेजारी शेजारी लिहावेत. एकही शब्द खोडू नये. ‘उदक’ हा शब्द जुन्या मराठीतही आहे, हे मुलांस अवश्य सांगावे.

मंगळवार : मोजणे. सपाट बुडाची, सरळ बाजूंची काचेची बरणी छपरापासून व झाडांपासून दूर, उघड्यावर ठेवावी. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ वाजता पट्टीने पाण्याची उंची मोजावी. हवामान खातेही रोजच्या पावसाची नोंद याच वेळी करते. पुढे शनिवारपर्यंत हे काम रोज वेगळ्या मुलाकडे द्यावे.

बुधवार : पाहणे. मोठ्या माणसांनी ओढ्याचे व विहिरीचे पाणी दोन पेल्यांत आणून द्यावे. पावसाळ्यात मुलांना ओढ्यात उतरू देऊ नये. पेले न हलवता उद्यापर्यंत ठेवावेत. तळाशी काय बसले? ते कोठून आले? डिचोलीत लोहखनिजाच्या खाणी आहेत. उघड्या जमिनीची लाल माती पावसात वाहून येते, ही गोष्ट मुले रोज पाहतात. मात्र येथे शिक्षकांनी जपावे. २०१२ मध्ये व पुन्हा २०१८ मध्ये खाणकाम थांबले, तेव्हा कित्येक घरांची रोजी बुडाली. कोणाच्या वडिलांच्या कामास वर्गात नावे ठेवली जाऊ नयेत.

गुरुवार : हिशेब. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी होते. शाळेचे छप्पर दहा मीटर लांब व आठ मीटर रुंद जागा झाकत असेल, तर ती जागा ८० चौरस मीटर झाली. २५ मिलिमीटर पाऊस पडला की त्यावर २,००० लिटर पाणी पडते. दहा लिटरच्या कळशीने मोजल्यास २०० कळश्या! चौथीने गुणाकार करावा, तिसरीने बेरजेने पडताळा पाहावा, पहिली-दुसरीने खडे मांडून दहा-दहाचे गट करावेत. हिशेब एकच, पण प्रत्येकाच्या हाताला काम आहे.

शुक्रवार : लिहिणे. पहिलीने चित्र काढून त्याखाली नाव लिहावे, दुसरीने फळ्यावरचे शब्द, तिसरीने पाच वाक्ये, चौथीने पावसाच्या नोंदीचा तक्ता. आठवडाभर जे तोंडात होते तेच आज कागदावर येते, म्हणून लिहिण्याची धास्ती वाटत नाही.

शनिवार : सांगणे. पालकांस बोलवावे आणि मुलांनीच सर्व समजावून द्यावे. आजीने एखादी जुनी विहीर कशी खणली ते सांगितले, तर तोही धडाच.

ही रीत आमची नवी नव्हे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डीस १९४५ पासून आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांना पाने, खडे, शिंपले अशा भोवतालच्या वस्तूंनीच शिकविले. मुलाला जे ठाऊक आहे तेथून आरंभ करावा, एवढेच त्यांच्या कामातून आपण उचलावयाचे आहे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनाही यातून घेण्यासारखे आहे. रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये इंग्लंडातील ग्लॉस्टर येथे रविवारची शाळा सुरू केली, ती कामकरी गरीब मुलांना वाचावयास यावे म्हणून. आपल्याही वर्गात लहानमोठी मुले एकत्र बसतात आणि एखादे मूल कोपऱ्यात गप्प असते.

म्हणून शिक्षकांनी एक लहानशी वही ठेवावी. तीत सर्व मुलांची नावे लिहून, जे मूल न विचारता बोलले त्याच्यापुढे रोज एक खूण करावी. शनिवारी ज्या नावापुढे एकही खूण नाही, त्या मुलापासून पुढील सोमवारचा आरंभ करावा. आपण किती शिकविले, यापेक्षा ही वही आपल्याला अधिक खरे सांगेल.

विचारासाठी प्रश्न
१. आपल्या वर्गातील कोणते मूल घरी बोलते पण वर्गात बोलत नाही? त्याचे कारण आपण कधी शोधले आहे काय?
२. मुलांचे कोणते घरचे शब्द आपण आजवर ‘चूक’ ठरविले?
३. पाण्याऐवजी भात, माती किंवा बाजार हा विषय घेऊन असाच आठवडा आखून पाहा.