मालमत्तेला फाशी : व्हर्जिनियातील गुलामांचे कायदे

जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (1873) हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. वर्गात ही अर्पणपत्रिका वाचली की विद्यार्थी त्या गुलामीविषयी विचारतात, आणि लिलाव व चाबूक यांच्यापुढे आपले उत्तर सहसा जात नाही. कायद्याच्या लेखी गुलाम माणूस होता की वस्तू, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर देहदंडाचा इतिहास पाहावा. त्यासाठी येथे व्हर्जिनियाचे उदाहरण घेतले आहे.

व्हर्जिनिया ही तेव्हा इंग्रजांची वसाहत. तिच्या 1669 च्या कायद्यानुसार, शिक्षा करताना मालकाच्या हातून गुलाम मेला तर तो खून ठरत नसे. स्वतःच्या मालमत्तेचा कोणी हेतुपुरस्सर नाश करीत नाही, हे त्यामागचे गृहीतक. उलट गुलामाने मालकाला मारले, तर तो साधा खूनही नव्हे. धन्याशी केलेला द्रोह ठरे. 1746 मध्ये ऑरेंज परगण्यात ईव्ह नावाच्या गुलाम स्त्रीला मालकावर विषप्रयोग केल्याबद्दल दोषी ठरवून जाळण्यात आले. म्हणजे मारला जाताना गुलाम वस्तू, आणि आरोपी म्हणून उभा राहिला की हेतू, इच्छा, निष्ठा असलेला माणूस!

1692 पासून गुलामांवरील गंभीर खटले ज्यूरीविना, खास न्यायालयांत चालू लागले. 1705 च्या कायद्याने त्याला हिशेबाची जोड दिली. देहदंड फर्मावणारे न्यायाधीशच त्या गुलामाची किंमत ठरवीत, आणि ती रक्कम सरकारी खजिन्यातून मालकाला मिळे. नुकसानीच्या भीतीने मालकाने गुलामाचा गुन्हा दडवू नये, हा हेतू. एकाच निकालात शिक्षाही आणि भावही. भूसंपादनाच्या कागदपत्रांत आपण वापरतो तो ‘मोबदला’ हा शब्द येथे अगदी चपखल बसतो, आणि म्हणूनच अंगावर येतो.

आपला संबंध अक्षरांशी, म्हणून एक तपशील थोडा विस्ताराने सांगतो. इंग्रजी कायद्यात मुळात धर्मगुरूंसाठी असलेली एक जुनी सवलत होती. बायबलातील वचन वाचून दाखवणारा काही गुन्ह्यांत पहिल्या वेळी फाशीतून सुटे. व्हर्जिनियाने 1732 मध्ये वाचनाची अट काढून ही सवलत गुलामांनाही दिली. रिचमंडजवळचा गॅब्रिएल हा लोहारकाम करणारा, लिहितावाचता येणारा गुलाम. 1799 मध्ये एका गोऱ्या माणसाच्या कानाचा लचका तोडल्याबद्दल तो दोषी ठरला, पण या सवलतीमुळे हातावर डाग देण्यावर निभावले. पुढच्याच वर्षी त्याने बंडाचा बेत आखला. मुसळधार पाऊस आणि फितुरी यांमुळे तो फसला. गॅब्रिएलसह 26 जण फासावर गेले. हात कुठे आवरावा, असे गव्हर्नर जेम्स मन्रो यांनी विचारले, तेव्हा थॉमस जेफरसन यांचा कल फाशी थांबवण्याकडे होता. सूड घेतला तर जग आपल्याला दोष देईल, ही चिंता त्यांच्या पत्रात दिसते. 1801 पासून दोषी गुलामांना देशाबाहेर नेण्याच्या अटीवर विकण्याची मुभा गव्हर्नरला मिळाली. या विक्रीतून मोबदल्याचा काही भाग खजिन्यात परत येई.

स्वतंत्र माणसांभोवतीचा फास मात्र याच काळात सैल होत होता. 1796 च्या कायद्याने त्यांच्यासाठी देहदंड पहिल्या प्रतीच्या खुनापुरता ठेवला. गुलामांसाठीची यादी लांबच राहिली. गोऱ्या स्त्रीवरील बलात्कारासाठी गोऱ्याला तुरुंग आणि गुलामाला फाशी, असा भेद होता. मुक्तीनंतर कायद्याच्या शब्दांतून रंग गेला. शिक्षेची निवड ज्यूरीच्या हाती आली. 1908 मध्ये विजेची खुर्ची आली, आणि बलात्कारासाठी तिच्यावर ज्यांचा प्राण घेतला गेला ते सगळे कृष्णवर्णीय होते. मार्टिन्सव्हिल गावच्या सात कृष्णवर्णीय आरोपींच्या वकिलांनी नेमकी हीच आकडेवारी न्यायालयापुढे मांडली. ती ग्राह्य ठरली नाही. फेब्रुवारी 1951 मध्ये सातही जणांना देहदंड दिला गेला.

मार्च 2021 मध्ये व्हर्जिनियाने देहदंड रद्द केला. दक्षिणेकडील राज्यांत ते पहिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गव्हर्नरांनी त्या सात जणांना मरणोत्तर माफी दिली. ते निर्दोष होते, असे त्या माफीत म्हटलेले नाही. त्यांच्यावरील खटले न्यायाने चालले नव्हते, एवढेच मान्य केले आहे.