काळ्या जमिनीतील कपाशी आणि सोयाबीन : उणीव कशाची?

विदर्भ आणि माळवा येथील काळी जमीन बेसाल्ट खडकाच्या झिजेतून बनलेली आहे. तिच्यातील चिकणमाती पावसाने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि ओल दीर्घकाळ धरून ठेवते. म्हणूनच पाऊस सरल्यावरही कपाशी तेथे तग धरते. परंतु ओल धरणारी जमीन सर्वस्वी सुपीक असतेच असे नाही. या जमिनीत पालाश बहुधा पुरेसे असते. नत्र मात्र अल्प. स्फुरद घातले तरी त्याचा पुष्कळसा भाग मातीतील चुन्याशी संयोग पावून पिकास दुष्प्राप्य होतो.

वनस्पतीस लागणाऱ्या द्रव्यांपैकी जे सर्वांत अपुरे असेल, तेच उत्पादनाची मर्यादा ठरविते. हा नियम स्प्रेंगेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८२८ च्या सुमारास मांडला व पुढे लीबिगने तो प्रसिद्धीस आणला. गंधक अपुरे असता नत्र दुप्पट घातले, तर दाणा वाढत नाही. शेतकऱ्याचा पैसा तेवढा खर्च होतो.

सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात आणि प्रथिनांच्या वजनाचा साधारण सहावा भाग नत्राचा असतो. म्हणजे १,००० किलो दाण्यांबरोबर साठ-पासष्ट किलो नत्र शेताबाहेर जाते. हे सारे खतातून द्यावे लागत नाही, कारण मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र पिकास मिळवून देतात. पीक फुलावर आले असता एखादे रोप अलगद खणून काढावे आणि गाठ नखाने फोडून पाहावी. आतून ती गुलाबी असेल तर काम चालू आहे असे समजावे. हिरवट वा करडी असेल तर ते थांबले आहे. पेरणीच्या वेळी नत्र भरमसाट दिल्यास गाठी कमी धरतात.

प्रथिने बनण्यास गंधकही लागते, आणि येथेच खताची निवड महत्त्वाची ठरते. डीएपीच्या ५० किलोंच्या पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असते, गंधक नसते. साध्या सुपर फॉस्फेटच्या तीन पोत्यांत २४ किलो स्फुरद आणि त्यासोबत सुमारे १६ किलो गंधक येते. त्यांच्या जोडीला २० किलो युरिया दिला की नत्राचीही भरपाई होते. तीन पोती वाहून नेणे कष्टाचे, हे खरेच. तरी जेथे गंधकाची उणीव आहे तेथे ते कष्ट वाया जात नाहीत.

कपाशीच्या मुळांवर अशा गाठी नसतात. तिला नत्र द्यावेच लागते, आणि तेही हप्त्याहप्त्याने. एकदम दिलेले जास्त नत्र पालाच वाढविते, आणि कोवळ्या पाल्यावर रसशोषक किडी तुटून पडतात. पाने लाल पडली की शेतकरी ‘लाल्या’ आला म्हणतात. त्याचे कारण मॅग्नेशियमची उणीव असू शकते; नत्राची उणीव, पाण्याचा ताण किंवा तुडतुडे हेही असू शकते. रंगावरून औषध ठरविणे म्हणूनच फसवे होय.

त्यापेक्षा माती तपासावी. खत घालण्यापूर्वी, बांध, झाडाची सावली आणि उकिरड्याची जागा टाळून, शेतात अनेक ठिकाणी सुमारे १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घ्यावी व ती एकत्र कालवून तिचा अर्धा किलो नमुना प्रयोगशाळेत द्यावा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेच्या योजनेत बारा बाबी तपासल्या जातात; गंधक आणि जस्त त्यांत आहेत, मॅग्नेशियम नाही. लाल्याचा संशय असल्यास ती तपासणी वेगळी सांगावी लागते.